मिरचीचा लाल कागदावर उतरवताना

तीनशे लेबलं छापून, कापून, पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांना रबर लावून तयार ठेवली होती. बचत गटाच्या आक्का आल्या, पिशवीतून मिरची पुडीचं पाकीट काढलं, त्याच्या शेजारी लेबल धरलं आणि दारातूनच म्हणाल्या, "आमनी मिरची अशी नही शे, ताई. हाई ते डाळिंब शे."

खोटं नव्हतं. आक्का नंदुरबारच्या बाजारातून मिरची आणतात, वाळवून दळतात. त्यांच्या पुडीचा लाल भगव्याकडे झुकणारा. लेबलावर उतरला होता तो जांभळटाकडे झुकणारा. मॉनिटरवर मात्र मिरची अगदी मिरचीसारखी. अशा वेळी पहिला राग प्रिंटरवर निघतो, तसा माझाही निघाला. ड्रायव्हर, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, उघडला, मॅजेंटाचा (गुलाबीसर इंकचा) स्लायडर आठ घर खाली, पिवळा पाच घर वर. मिरची जरा सुधारली, पण गटाच्या चिन्हातलं हिरवं पान शेवाळ्यासारखं झालं. मग हिरव्यासाठी सायन (निळसर इंक) वाढवला, तर पांढऱ्या पाकिटाच्या फोटोवर निळी झाक. असं करत बावीस स्टिकर शीट घालवल्या आणि रात्री साडेअकराला लक्षात आलं की चूक स्लायडरमध्ये नव्हतीच. चूक काय होती ते पुढे सांगते. त्याआधी बाकीचं घर आवरलेलं हवं.

मी चाळीसगावात राहते. घराची पुढची खोली म्हणजेच माझं दुकान. सहा इंकचा टँकवाला ए-फोर प्रिंटर फोटो आणि लेबलांना, चार इंकचा दुसरा साध्या कामांना. पापड-बिबडीची लेबलं, बारशाची कार्डं, शाळांचे प्रकल्प, मधूनच कुणाच्या वॉटरकलरची प्रत. माझे मामा बोर्ड रंगवणारे पेंटर. ते म्हणायचे, आधी डबा ढवळ, मग रंग मिसळ. न ढवळलेल्या डब्यातून कितीही नीट मोजून घेतलं तरी रंग रोज वेगळा निघणार. इंकजेटचंही तसंच. स्लायडर म्हणजे मिसळणं. ढवळण्याचं काम त्याच्या आधीचं आहे, आणि ते फार जण करत नाहीत.

ढवळणं सुरू होतं नोझल चेकपासून, म्हणजे इंक सोडणारी बारीक भोकं उघडी आहेत का ते दाखवणाऱ्या रेषांच्या प्रिंटपासून. रंगाचं काम असेल त्या दिवशी सकाळी एक साधा कागद घालून नोझल चेक काढायचा. सगळ्या रेषा अखंड हव्यात. सहा इंकच्या प्रिंटरमध्ये फिक्या मॅजेंटाच्या, म्हणजे लाइट मॅजेंटाच्या चार रेषा तुटलेल्या असल्या तरी अक्षरं छान छापली जातात, काही बिघडलंय असं वाटतही नाही. पण बाळाचा गाल हिरवट मारतो, कारण गालाचा हलका गुलाबी त्या फिक्या इंकमधूनच यायचा असतो. रेषा तुटल्या तर एकदा हेड क्लीनिंग (हेड म्हणजे नोझल असलेला भाग), पुन्हा चेक. फार तर दोन-तीनदा. तेवढ्यानं नाही झालं तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी बघा; बऱ्याचदा अडकलेला बुडबुडा आपोआप सुटतो. रागारागानं दहा वेळा क्लीनिंग मारलं तर इंक जाते आणि वाया इंक शोषणारा आतला वेस्ट पॅड भरतो, बाकी काही होत नाही. त्यानंतर हेड अलाइनमेंट एकदा करून घ्या. ती महिन्यातून एकदा पुरते, कागदाची जाडी बदलली तर पुन्हा.

इंकबद्दल एक तक्रार माझ्या स्वतःच्याच मूर्खपणाची. एकदा स्वस्त मिळाली म्हणून सुटी इंक आणली, बाटलीवर "सर्व प्रिंटरसाठी" लिहिलेलं. निम्म्या टँकमध्ये मूळ इंक, वरून ही. पुढचे दोन महिने एकही रंग दोनदा सारखा आला नाही. दुसरी इंक वापरूच नका असं मी म्हणत नाही, गावात सगळेच वापरतात. पण प्रिंटरचं सगळं रंगगणित त्याच्या मूळ इंकवर बसवलेलं असतं. इंक बदलली की जुन्या प्रोफाइल (हे रंगगणित लिहिलेल्या फाइली), जुने नमुने रद्द धरायचे. आणि दोन इंकची खिचडी तर कधीच नाही.

आता खोली. माझ्या खोलीच्या भिंती पोपटी होत्या. हौसेनं रंगवल्या होत्या. ट्यूबलाइटचा उजेड त्या भिंतीवरून परतून टेबलावर यायचा, प्रिंट हिरवट दिसायची, मी त्यात गुलाबी वाढवायचे, आणि गिऱ्हाईक प्रिंट घेऊन रस्त्यावर गेलं की म्हणायचं, गुलाबी मारतेय. हे वर्षभर चाललं. शेवटी टेबलासमोरची एक भिंत राखाडी केली, बाकीच्या भिंती घरच्यांनी करू दिल्या नाहीत. छपाईच्या जगात प्रिंट पाहायला ५००० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप) प्रमाण उजेड धरतात. आपल्याकडे तसला दिवा नसला तरी सकाळी नऊ-दहाची, थेट ऊन न पडणारी ओसरी चालते. मी निर्णय ओसरीतच घेते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन लाल बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक उजेड त्यांना वेगळं दाखवतो. पुडी आणि छापलेली पुडी यांचं नेमकं हेच होतं. मग माल ज्या उजेडात विकला जाणार त्या उजेडात जुळवायचा. आक्कांचा माल आठवडे बाजारात, उघड्यावर विकला जातो. म्हणून ओसरी.

मॉनिटरची सगळ्यात मोठी भानगड रंगाची नसते, उजेडाची असते. "स्क्रीनवर छान दिसतं, प्रिंट काळी येते" ही तक्रार घेऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा मॉनिटर ब्राइटनेस शंभरवर असतो. प्रिंट काळी नसते, मॉनिटर दिवाळी साजरी करत असतो. प्रिंटच्या कामाला साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढा उजेड पुरतो; दुकानातून आणलेला नवा मॉनिटर याच्या दुप्पट-तिप्पट तळपत असतो. मोजायचं यंत्र नसेल तर असं करा: ज्या कागदावर छापणार तोच कोरा कागद मॉनिटरच्या बाजूला, खोलीच्या नेहमीच्या उजेडात उभा धरा. स्क्रीनवर पूर्ण पांढरी फाइल उघडा. आता ब्राइटनेस कमी करत जा, स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा एकसारखे भासेपर्यंत. माझ्या मॉनिटरचा आकडा शंभरवरून चौतीसवर आला. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखी वाटली, मग डोळे सरावले. रंगाचं तापमान ६५०० वर, नाइट लाइट बंद, आणि मॉनिटर चालू करून अर्धा तास झाल्याशिवाय रंगाचा निर्णय नाही. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, उसना मिळाला तर सोन्याहून पिवळं. एका फोटोग्राफर ओळखीच्याकडून मी दर तीन महिन्यांनी एका दुपारपुरता आणते. मोजून झाल्यावर मात्र मॉनिटरच्या बटणांना हात लावायचा नाही, नाहीतर मोजलेलं वाया. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की स्क्रीन जरा मागे-पुढे कलवली तर रंग बदलतो का. बदलत असेल तर त्या स्क्रीनवर रंग ठरवूच नका.

मोबाइल हा तर वेगळाच छळ. गिऱ्हाईक फोन पुढे करतं, "ताई, यात बघा ना, असा पाहिजे." फोनची स्क्रीन व्हिव्हिड मोडवर, ब्राइटनेस टोकाला, त्यातला लाल कागदावर आणायला अजून इंक निघायची आहे. मी आता वाद घालत नाही. शेल्फवरचा जुना प्रिंट दाखवते आणि म्हणते, कागदावरचा सगळ्यात लाल लाल हा, याच्या पुढे कागद जात नाही.

फोनमधून आलेल्या फाइलीची गोष्ट जरा समजून घ्या, कारण तिथं अर्धे घोळ होतात. रावेरकडच्या एका केळीवाल्याच्या पोरानं घडाचा फोटो पाठवला होता, नव्या आयफोनवर काढलेला. छापला तर हिरव्या-पिवळ्या घडाची सगळी कांती गेलेली, उकडलेल्यासारखा. आयफोन फोटो डिस्प्ले पी-थ्री नावाच्या मोठ्या रंगपट्ट्यात साठवतो आणि फाइलीत त्या पट्ट्याची चिठ्ठी, म्हणजे प्रोफाइल, जोडतो. वाटेत कुठल्याशा अ‍ॅपनं ती चिठ्ठी गाळली. माझ्या सॉफ्टवेअरनं मग तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचले. एसआरजीबी हा लहान पट्टा, एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडलेला, आणि चिठ्ठी नसलेली प्रत्येक फाइल त्यातलीच धरायची असा सगळीकडचा रिवाज. हे "चार मापं ज्वारी" म्हटल्यासारखं आहे. माप कुणाचं ते नाही सांगितलं तर घेणारा आपल्या घरच्या मापानं मोजणार. तिथं मोठ्या मापाचे आकडे लहान मापानं मोजले गेले, म्हणून माल कमी भरला.

उपाय साधा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फाइल दाबली जात नाही, चिठ्ठीही टिकते. उघडताना सॉफ्टवेअरनं प्रोफाइलबद्दल विचारलं तर घाईत ओके करू नका. जोडलेली प्रोफाइल तशीच ठेवा. चिठ्ठीच नसेल आणि फोटो मलूल दिसत असेल, तर फोटोशॉपमध्ये असाइन प्रोफाइलमधून डिस्प्ले पी-थ्री किंवा अ‍ॅडोबी आरजीबी लावून बघा. रंग एकदम जागेवर आले तर माप सापडलं. असाइन आणि कन्व्हर्ट यांत गल्लत नको: असाइन म्हणजे आकडे तेच, माप नव्यानं सांगणं, कन्व्हर्ट म्हणजे रंग तोच ठेवून आकडे नव्या मापात करून घेणं.

कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण खान्देशातली निम्मी लेबलं कोरलमध्येच जन्माला येतात. फ्लेक्सवाल्यांच्या सवयीनं फाइल सीएमवायके मध्ये, म्हणजे सायन-मॅजेंटा-पिवळा-काळा यांच्या आकड्यांत, केली जाते. घरगुती इंकजेटच्या ड्रायव्हरला सीएमवायके नको असतं. आत इंक त्याच रंगांच्या असल्या तरी त्याला आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे, आकडे हवे असतात, आणि त्यातून कुठली इंक किती ते तो स्वतः ठरवतो. तुम्ही सीएमवायके पाठवलं तर वाटेत त्याचं पुन्हा आरजीबी होतं, मग पुन्हा इंक. दोनदा भाषांतर, दोनदा चूक. तेव्हा इंकजेटवरच छापायचं असेल तर डॉक्युमेंट आरजीबी ठेवा. आणि ऑफसेटला जाणारी फाइल असेल तर निळ्याला सायन शंभर, मॅजेंटा शंभर देऊ नका, वांगी छापली जातील. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीसनं कमी ठेवा.

आता कागद. इंकजेटचा फोटो कागद म्हणजे जाड कागद नव्हे, त्यावर इंक धरून ठेवणारा थर असतो. प्रेसवाल्याकडचा चकचकीत आर्ट पेपर किंवा लेसरचा स्टिकर उचलून इंकजेटमध्ये घातला तर इंक वर तरंगते, बोट लावलं की पुसते, आणि रंगाचा तर प्रश्नच येत नाही. पुड्यावर "इंकजेट" लिहिलेलं बघूनच घ्या. थर कुठल्या बाजूला आहे ते कळत नसेल तर ओलं बोट कोपऱ्याला लावा. चिकटतं ती छापायची बाजू.

आणि ड्रायव्हरमधला पेपर टाइप. याला मी सगळ्यात जास्त मान देते. कागद ग्लॉसी आणि सेटिंग प्लेन पेपर असेल तर प्रिंटर इंकच वेगळी मोजतो. प्रिंट फिकी, दाणेदार येते. ज्या प्रिंटरमध्ये काळी इंक पिगमेंटची (बारीक कणांची) आणि बाकी रंग डायचे (विरघळलेले) आहेत, तिथं तर ग्लॉसी निवडल्यावर प्रिंटर ती काळी बाजूला ठेवतो आणि सायन-मॅजेंटा-पिवळ्यातून काळा बनवतो. म्हणजे एका सेटिंगनं काळ्या रंगाची जातच बदलते. कागदाच्या ब्रँडशी जुळणारं नाव यादीत नसेल तर सगळ्यात जवळचं निवडा, चाचणी प्रिंट घ्या, आणि मग त्या कागदाला तेच सेटिंग कायमचं. क्वालिटी हाय. क्वालिटी बदलली तरी रंग थोडा सरकतो, म्हणून नमुना हायवर आणि माल स्टँडर्डवर असला उद्योग करू नका.

तर माझी त्या रात्रीची चूक. छापताना रंग बदलून देण्याचं काम एकानंच करायचं असतं: एक तर फोटोशॉपनं, नाही तर प्रिंटरच्या ड्रायव्हरनं. मी प्रिंट खिडकीत "फोटोशॉप मॅनेजेस कलर्स" निवडलं होतं, खाली ग्लॉसी कागदाची आयसीसी प्रोफाइल लावली होती, इथवर बरोबर. पण प्रिंट सेटिंगमध्ये जाऊन ड्रायव्हरचा स्वतःचा रंगसुधार बंद केलाच नव्हता. फोटोशॉपनं आकडे प्रिंटरसाठी दुरुस्त करून पाठवले, ड्रायव्हरला वाटलं आपणच दुरुस्त करायचेत, त्यानं परत केले. आईनं मीठ घातलं, सुनेनं घातलं. दोनदा दुरुस्त झालेल्या प्रिंटची खूण बऱ्याचदा अशी असते: लाल डाळिंबाकडे जातो, चेहरे मॅजेंटा मारतात, सावल्या बुजतात.

बंद करायची जागा प्रत्येक ड्रायव्हरमध्ये वेगळी. एप्सनच्या बऱ्याच मॉडेलांत मोअर ऑप्शन्स, कलर करेक्शन, कस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड असं जात "नो कलर अ‍ॅडजस्टमेंट" सापडतं. कॅननमध्ये रंग मॅन्युअल करून मॅचिंगच्या पानावर "नन". तुमच्या मॉडेलमध्ये बंद करायची सोयच नसेल, किंवा तुमच्या कागदाची प्रोफाइल नसेल, तर उलटं करा: फोटोशॉपमध्ये "प्रिंटर मॅनेजेस कलर्स", फाइल एसआरजीबी, आणि सगळं ड्रायव्हरवर सोडा. कोरलच्या प्रिंट खिडकीतही कलरच्या पानावर रूपांतर कोरल करणार की प्रिंटर हे विचारलेलं असतं. ड्रायव्हरवर सोडलं की रंग अचूक येतीलच असं नाही, पण दर वेळी सारखे येतात. आणि दर वेळी सारखी येणारी चूक दुरुस्त करता येते.

प्रोफाइल मिळवायच्या वाटा दोन-तीन. प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या कागदांच्या प्रोफाइल ड्रायव्हरसोबत येतात. मोठ्या कागद कंपन्या काही ठरावीक प्रिंटरसाठी आपल्या साइटवर देतात. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल प्रोफाइल. बाजारातल्या बिननावाच्या पुड्याला यातलं काही मिळणार नाही. त्यासाठी रंगाच्या शेकडो चौकोनांचा तक्ता, रंगसुधार पूर्ण बंद ठेवून, आपल्याच कागदावर छापायचा, दिवसभर वाळू द्यायचा आणि ज्याच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (छापलेला रंग मोजायचं यंत्र) आहे त्याच्याकडून मोजून घ्यायचा. मी एकाच कागदाची अशी करून घेतली, जो मला सतत लागतो. बाकीच्यांना खालची गावठी रीत.

त्या रीतीआधी करड्याची पट्टी. शून्यापासून पंचवीस-पंचवीसनं चढत जाणारे चौकोन करा, प्रत्येकात आर, जी, बी तिन्ही आकडे सारखे. छापा, वाळू द्या, ओसरीत बघा. इंकजेटला करडा रंग सगळ्यात अवघड, कारण तो रंगीत इंकच्या तोलातून बनतो आणि तोल केसभर ढळला तरी डोळ्याला कळतो. पट्टी सगळीकडे सारखीच हिरवट किंवा गुलाबी असेल तर सेटिंग किंवा कागदाचा प्रकार चुकलाय. मधल्या एखाद्याच टप्प्यात झाक असेल तर आधी नोझल बघा. सगळ्यात गडद तीन चौकोन एकमेकांत मिसळले असतील तर इंक जास्त पडतेय. करड्याचे किती टप्पे एका चौकटीत मावतात हे ज्यांना डोळ्यांनी बघायचंय त्यांनी आमच्या गावात यावं. केकी मूस (१९१२–१९८९) इथंच राहिले, टेबल-टॉप फोटोग्राफी त्यांनी इथंच केली, आणि त्यांच्या बंगल्यातच त्यांचं संग्रहालय आहे. तिथले कृष्णधवल फोटो बघून घरी आले आणि माझी पट्टी पाहिली, तेव्हा लाज वाटली होती.

मग गावठी रीत. आक्कांच्या लेबलावर वरची पट्टी सपाट लाल होती. माझा अंदाज होता आर २००, जी ३०, बी २५. तो मधोमध ठेवून पाच बाय पाचचे पंचवीस चौकोन केले. डावीकडून उजवीकडे जी बदलत गेले: १०, २०, ३०, ४०, ५०. वरून खाली बी: ५, १५, २५, ३५, ४५. आर सगळीकडे २००. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे आकडे बारीक अक्षरात. हे सगळं त्याच स्टिकर कागदावर, त्याच सेटिंगनं. ओसरीत आक्कांना बसवलं, बशीत त्यांची पूड ठेवली, आणि राखाडी कार्डाला रुपयाएवढं भोक पाडून ते एकेका चौकोनावर सरकवत गेले, म्हणजे शेजारचे रंग डोळ्याला फसवत नाहीत. आक्कांनी दोन मिनिटांत बोट ठेवलं: जी ४०, बी १५. स्क्रीनवर तो रंग नारिंगीसर वाटतो. मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. आकडे टाकले आणि छापलं.

मिरचीच्या फोटोला हे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथं लाल रंगाचा ह्यू (छटा) किंचित पिवळ्याकडे सरकवला. सॅच्युरेशन (भडकपणा) वाढवायचा मोह आवरा. भडक लालमध्ये आर आधीच टोकाजवळ असतो; मिरचीच्या सुरकुत्या, देठाजवळची चमक, हे सगळं उरलेल्या जी आणि बीमध्ये असतं. सॅच्युरेशन ओढलं की ते दोन्ही शून्याला टेकतात आणि मिरचीचा ढीग लाल मेणाचा गोळा दिसतो. उलट मी पाच-सात अंश कमीच केलं, आणि सुरकुत्या परत आल्या.

ज्यांच्याकडे प्रोफाइल आहे त्यांनी छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक, बघावा. फोटोशॉपमध्ये व्ह्यू, प्रूफ सेटअप, कस्टम, तिथं कागदाची प्रोफाइल. मग कंट्रोल-वाय दाबून आलटून पालटून बघायचं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की कागदाच्या आवाक्याबाहेरचे रंग करड्यात दिसतात. जिंप हे फोटोशॉपसारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातही सॉफ्ट प्रूफ होतो. रेंडरिंग इंटेंट (आवाक्याबाहेरचे रंग कागदावर कसे बसवायचे ती पद्धत) कुठला हे विचारत बसू नका: लेबल, चिन्ह, ठरावीक रंग यांना रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, नुसते भडक रंग भरलेल्या फोटोला परसेप्चुअलही काढून बघा आणि जी आवडेल ती ठेवा. सोनेरी रंग मात्र कुठल्याच इंटेंटनं येणार नाही. जळगावच्या सराफी दुकानाचं कार्ड इंकजेटवर सोनेरी छापून मागणारे भेटतात; त्यांना सरळ सांगायचं, मळकट पिवळं येईल, सोनं हवं तर फॉइल लावा.

छापल्याबरोबर निर्णय नको. प्रिंट हाताला कोरडी लागली तरी आतला ओलावा उडेपर्यंत रंग हलतो. छोटा बदल बघायचा तर अर्धा तास, गिऱ्हाइकाला दाखवायचा अंतिम नमुना दुसऱ्या दिवशी. लॅमिनेशन होणार असेल तर नमुन्यालाही लॅमिनेशन करूनच दाखवा, गडद रंग त्यानं आणखी खोल जातात. नमुना पसंत पडला की पाठीवर तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. त्या तीनशे लेबलांनंतर लावलेली शिस्त आहे ही.

आणि उन्हाळा. घरगुती प्रिंटर साधारण १० ते ३५ अंशांत चालायला बनवलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला सहज जातो. मी एप्रिल-मेमध्ये रंगाचं काम सकाळी दहाच्या आत उरकते. कूलरची हवा प्रिंटरवर येऊ देत नाही, कारण ओलाव्यानं कागद वळतो, कडा उचलतात आणि इंक पसरते. उघडा पुडा झिपच्या पिशवीत. लाइट जाणं तर रोजचं. प्रिंटर कधीही भिंतीच्या बटणावरून बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला तरच हेड आपल्या टोपीत जाऊन बसतं. मध्येच लाइट गेली आणि हेड उघडं राहिलं तर आमच्या कोरड्या हवेत दोन तासांत नोझल सुकायला लागतात. छोटा इन्व्हर्टर घेतला तो पंख्यासाठी नाही, यासाठी.

माझं नमुन्यांचं एक जाड रजिस्टर आहे. प्रत्येक पानावर छापलेला तुकडा, खाली कागद, पेपर टाइप, क्वालिटी, कोण रंग बदलतंय, इंकची बाटली कधी उघडली, आणि आकडे. आक्कांच्या पानावर मी त्यांची चिमूटभर पूडही पारदर्शक पुडीत स्टेपल करून ठेवली होती, पुढच्या वेळी जुळवायला. सहा महिन्यांनी उघडलं तर लेबल होतं तसं होतं, पूडच फिकी पडली होती. आता दर हंगामात आक्का नवी चिमूट घेऊन येतात.